दूध पुरत नाही, असे कोण म्हणते?

अंगावर पिणारे मूल ज्या घरात आहे, त्या घरात एक वाक्य केव्हा ना केव्हा उच्चारले जातेच. ते वाक्य म्हणजे, ‘दूध पुरत नाही.’ हे वाक्य कोणाच्या तोंडचे असते ते पाहा. बाळाला बोलता येत नाही; ते केवळ रडते. त्याची आई पहिलटकरीण असेल तर ती स्वतःच भांबावलेली असते. मग तिच्या वतीने सासूबाई बोलतात, शेजारीण बोलते, बारशाला आलेली आत्या बोलते. क्वचित प्रसंगी, एकटीच साऱ्या खाटा सांभाळणारी परिचारिकाही घाईत बोलून जाते. बोलणाऱ्यांच्या मनात बाळाविषयी कळकळच असते. परंतु त्या वाक्यापाठोपाठ दुधाच्या भुकटीचा डबा घरात येतो, डब्यामागून बाटली येते, आणि महिन्याभरात ते वाक्य खरे ठरते. श्रोतेहो, आज आपण या एका वाक्याचा विचार करू या; आणि तो पेडणे व डिचोली या दोन महालांच्या संदर्भात करू या.

हे दोन तालुके मुद्दाम निवडण्यास कारण आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेलेला हा मुलूख. गोव्याच्या नव्या काबिजादींत तो मोडतो. राज्ये बदलली, तरी माणसांचे सोयरसंबंध बदलले नाहीत. पेडण्याची लेक बांद्याला किंवा सावंतवाडीला नांदावयास जाते, दोडामार्गची लेक डिचोलीत सून म्हणून येते, आणि बाळंतपणाचे रीतिरिवाज हद्दीच्या अलीकडे-पलीकडे बहुतांशी सारखेच आढळतात. याच मुलुखाचे रूप अलीकडे झपाट्याने पालटले. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावरील गावांत हॉटेले उभी राहिली. डिचोलीकडील लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये थांबल्या, तेव्हा खाणीवर विसंबलेल्या घरांत बाईच्या चार पैशांचे मोल वाढणे स्वाभाविकच होते. जुन्या घराचे नियम आणि नव्या नोकरीचे तास या दोहोंचा भार आज एकाच तरुण आईच्या अंगावर पडतो आहे.

प्रथम जन्माच्या घटकेचा विचार करू. पूर्वी या भागात वैजीण घरी येऊन बाळंतपण करी. ते दिवस आता संपले. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयांत होतात. साऱ्या भारताचा आकडाही शेकडा 88.6 इतका आहे. ही प्रगती लहान नव्हे. पण त्याच पाहणीतील दुसरा आकडा विचार करावयास लावणारा आहे. जन्मानंतर पहिल्या तासात आईच्या अंगाशी लागलेली बाळे साऱ्या देशात शेकडा 41.8 एवढीच होती. म्हणजे बाईने रुग्णालयाचे दार गाठले, डॉक्टर भेटला, औषध भेटले. पण ज्या एका गोष्टीला पैसा पडत नाही आणि यंत्रही लागत नाही, ती गोष्ट निम्म्याहून अधिक बाळांना वेळेवर मिळाली नाही.

याचे एक कारण वैद्यकीय आहे. गोव्यात शेकडा सुमारे 40 बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात, असे तीच पाहणी सांगते. पोटावर टाके असलेल्या बाईला उठता येत नाही, कुशीवर वळता येत नाही. बाळ दुसऱ्या खोलीत, आई दुसऱ्या खोलीत, अशी ताटातूट होते. वास्तविक आजकाल बहुतेक शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यात भूल देऊन केल्या जातात आणि आई शुद्धीवर असते. कोणी हाताने आधार देऊन बाळ तिच्या छातीशी नीट धरले, तर तासाभरात तेही पिऊ लागते. अडचण शस्त्रक्रियेची कमी, आणि त्या वेळी मदतीला माणूस नसण्याची अधिक आहे. खाटेशेजारी बसलेल्या आईने किंवा सासूबाईंनी हे काम अंगावर घेतले तर ते सहज साधण्यासारखे आहे.

दुसरे कारण आपल्या समजुतींत आहे. गाय किंवा म्हैस व्याली की तिच्या चिकाची आपण वाट पाहतो. त्याचा खरवस करतो, वेलची घालतो, शेजारीपाजारी वाटतो. तोच चीक आईचा असला की तो दाट, पिवळा, म्हणून ‘वाईट दूध’ ठरतो आणि पिळून टाकला जातो. वासरासाठी निसर्गाने केलेली तरतूद आपण आवडीने खावी आणि स्वतःच्या बाळासाठी केलेली तरतूद ओतून द्यावी, हा केवढा विरोधाभास! आईच्या चिकात रोगाशी लढणारी द्रव्ये आणि अ जीवनसत्त्व विपुल असते. ते थोडे असते हे खरे. परंतु पहिल्या दिवशी बाळाचे पोटही एखाद्या मोठ्या बोराएवढेच असते. चमचाभर चीक त्याला एका वेळेस पुरतो. पुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते. ‘दूध पुरत नाही’ या वाक्याचा पहिला उच्चार नेमका या दोन-तीन दिवसांत होतो, आणि तो हिशेब चुकीच्या मापाने केलेला असतो.

या समजुतीचे मूळ जुने आहे. सुश्रुतसंहितेत स्त्रीला तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर दूध येते असे म्हटले असून, तोवर बाळाला मध व तूप चाटवावयास सांगितले आहे. दूध उतरण्याचा काळ ग्रंथकाराने अचूक टिपला होता. चिकाचे मोल मात्र त्याच्या काळी कळलेले नव्हते. आज आपण जाणतो की एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून क्वचित प्रसंगी घातक जंतुविष निर्माण होते. पण त्याच संहितेतील दुसरे निरीक्षण पाहिले की मान आदराने लवते. बाळाचा स्पर्श, त्याचे दर्शन, नुसते त्याचे स्मरण यांनीही पान्हा फुटतो आणि अखंड स्नेह हे त्याचे कारण होय, असे तेथे सांगितले आहे. आधुनिक शरीरशास्त्राने याचीच साखळी दाखवून दिली. बाळाच्या ओढण्याने आईच्या मेंदूला निरोप जातो. तेथून सुटणारे प्रोलॅक्टिन दूध तयार करते व ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडते. आणि भीती, वेदना, अपमान, चिंता यांनी ऑक्सिटोसिन आखडते. पेडणे तालुक्यातील धारगळ येथे डिसेंबर 2022 मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय सुरू झाले. जुन्या ग्रंथांतील कोणते घ्यावे आणि कोणते सोडावे याचा विवेक सामान्य घरांपर्यंत पोहोचविण्यास त्याहून जवळची जागा कोणती?

या साखळीतून एक साधा नियम निघतो. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. विहिरीतले पाणी उपसले की झरे मोकळे होतात, तसेच हे आहे. बाळाला बोंडल्याने वरचे दूध पाजले की त्याचे पोट भरते, ते आईजवळ कमी ओढते, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी आईचे दूध कमी तयार होते. मग घरातील मंडळी म्हणतात, ‘आम्ही म्हटलेच होते!’ रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नये. बाळ ओले झाले म्हणून रडते, उकडते म्हणून रडते, जवळ घ्यावे म्हणूनही रडते. खरी खूण निराळी आहे. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसा-रात्री मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, जन्मानंतर पहिल्या दिवसांत थोडे उतरलेले वजन दहा ते चौदा दिवसांत भरून निघाले असेल आणि पुढे दर आठवड्याला वाढत असेल, तर दूध पुरते आहे. अंगणवाडीचा तराजू याबाबतीत शेजारणीच्या नजरेपेक्षा अधिक विश्वासू आहे.

आता रीतिरिवाजांकडे वळू. ते सारेच टाकाऊ आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सोयर पाळावयाचे म्हणून बाळंतिणीला दहा-अकरा दिवस एका खोलीत वेगळे बसवीत. त्यामागची शिवाशिवीची कल्पना आज टिकणारी नाही. पण त्या दिवसांत तिला चुलीपाशी जावे लागत नसे, पाणी ओढावे लागत नसे, आणि बाळ सदैव कुशीत असे. दुधाला हेच हवे असते. अळिवाची खीर, मेथीचे व डिंकाचे लाडू तिला पौष्टिक आहार देतात, आणि कोणीतरी आपल्यासाठी ते वळले ही भावनाही देतात. सहाव्या महिन्यातील उष्टावण तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर मऊ भात, नाचणीचे सत्त्व, वरण यांची जोड देऊन दोन वर्षांपर्यंत व पुढेही अंगावर पाजणे. ‘उष्टावण’ या शब्दातच तोवर मुखात दुसरे काही गेलेले नाही असे गृहीत आहे. मात्र आपण उष्टावण थाटाने करतो आणि त्यापूर्वीच साखरेचे पाणी, गुटी, ग्राइपवॉटर यांनी बाळाचे तोंड पाच महिने उष्टे करून ठेवलेले असते.

पाण्याविषयी एक शब्द. चैत्र-वैशाखात आमच्याकडे उकाडा असह्य होतो, आणि बाळाचा घसा सुकेल म्हणून चमचाभर पाणी घालण्याचा मोह होतो. आईच्या दुधात शेकडा सुमारे 87 भाग पाणीच असते. भर उन्हाळ्यातही बाळाची तहान त्यात भागते. वरून घातलेले पाणी पोटात जागा अडविते, आणि आषाढ-श्रावणात, विहिरी गढूळ झाल्यावर, जुलाबाचे निमित्त होते. गुटीचेही तेच. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाने बाळ सुस्तावते. घराला वाटते की ते शांत झाले. वास्तविक ते प्यावयाचे राहून गेलेले असते.

आईच्या पथ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. बाळंतिणीला पाणी कमी, भाजी नको, डाळ नको, मासळी नको, असे करीत करीत काही घरांत तिच्या ताटात नुसता पांढरा भात उरतो. कोंडा पार काढलेला तांदूळ, वारंवार धुतलेला, वर पेज ओतून टाकलेली, अशा आहारात ब-1 जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही, आणि मग ते आईच्या दुधातही उतरत नाही. वरकरणी सुदृढ असलेले, केवळ अंगावर पिणारे दोन-तीन महिन्यांचे बाळ अशा वेळी एकाएकी धापा टाकू लागते व हृदयाला धोका होतो. काश्मीरमधील आणि कर्नाटकातील डॉक्टरांनी अशा बाळांची नोंद केली आहे. हे जीवनसत्त्व टोचताच त्यांतील अनेक बाळे सुधारली. दोष दुधाचा नव्हता, पथ्याचा होता. या बाबतीत आपला उकडा तांदूळ हे आपले भाग्य आहे. भात उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्वे दाण्याच्या गाभ्यात शिरतात, आणि पेजेसकट खाल्ल्याने ती वाया जात नाहीत. उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर मुगाची आमटी, ताजी मासळी, एखादी पालेभाजी, हा बाळंतिणीचा आहार आजीच्या चुलीवरचाच आहे. तो कमी न करता वाढवावा, एवढेच सांगावयाचे.

याच ठिकाणी माहेर आणि सासर यांचाही संबंध येतो. पहिले बाळंतपण माहेरी, अशी आपली रीत. पेडण्याची बाई पुष्कळदा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाळंत होते आणि तेथून बांद्याला किंवा दोडामार्गला माहेरी जाते. म्हणजे तिची नोंद गोव्यात आणि बाळ महाराष्ट्रात. ज्या पंधरवड्यात स्तनाला चिरा पडतात, दूध साठून ठणका लागतो, ताप येतो, नेमका त्याच पंधरवड्यात तिच्या गावची परिचारिका तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. चिरा बहुधा बाळ नुसते बोंड धरते म्हणून पडतात. भोवतालचा काळसर भागही त्याच्या तोंडात गेला की दुखणे थांबते. हे दाखवून देणारे जाणते माणूस दोन मिनिटांत दूध वाचविते, आणि ते न भेटल्यास आठवड्यात ते आटते. यास्तव रुग्णालयातून निघतानाच, ज्या गावी जावयाचे तेथील आरोग्यकेंद्राचा पत्ता व दूरध्वनी मागून घ्यावा. हद्दीचा दगड बाळाला ठाऊक नसतो.

आणि मग बाई कामावर परतते. रायगडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी, दरवाजे बंद झाल्यावर, घरी तान्हे मूल आहे म्हणून कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपण कौतुकाने सांगतो. तिच्या नावाने महाराष्ट्रात एस. टी. स्थानकांवर हिरकणी कक्षही झाले. परंतु या कथेचा एक बोध आपण नेहमी विसरतो. दरवाजा वेळेवर उघडा ठेवला असता तर तिला कडा उतरावा लागला नसता. आजच्या हिरकणीपुढील दरवाजा म्हणजे कामाचे तास. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद झाली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, उष्टावणापर्यंतचा काळ. उत्तम! परंतु काजूच्या बागेत बोंडे वेचणारी, मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, पर्यटकांच्या खोल्या झाडणारी, वीटकामावर आलेली परप्रांतीय मजूर बाई, यांना रजा देणारा मालकच कागदोपत्री नसतो. त्यांच्यापुढे पर्याय राहतो तो घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा. हाताने काढून स्वच्छ झाकलेल्या भांड्यात ठेवलेले दूध घरात सावलीच्या जागी चार तास, शीतकपाटात दिवसभर टिकते, आणि ते आजीला वाटी-चमच्याने किंवा निर्मळ धुतलेल्या बोंडल्याने पाजता येते. आणि उन्हातून आलेल्या आईचे दूध तापलेले, म्हणून ते आधी पिळून टाकावे, ही समजूत मात्र सोडून द्यावी. दूध उन्हाने तापत नाही; बाई थकते. तिला घोटभर पाणी द्यावे आणि बाळ मांडीवर द्यावे.

डब्याच्या दुधाचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा. 1939 मध्ये सिंगापुरात सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी ‘दूध आणि खून’ अशा मथळ्याचे भाषण करून, गोड आटविलेले दूध बाळांसाठी म्हणून विकणाऱ्यांना जाहीरपणे जाब विचारला. त्यानंतर 1981 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता केली. आपल्या देशाने 1992 मध्ये कायदा केला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांखालील बाळाच्या अन्नाची जाहिरात करणे, आईला फुकट नमुने देणे, डब्यावर गोंडस बाळाचे चित्र छापणे, हे या कायद्याने निषिद्ध आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2016 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, जगात सर्वत्र बाळांना योग्य रीतीने आईचे दूध मिळाले तर वर्षाला सुमारे 8,23,000 बालमृत्यू आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे 20,000 मृत्यू टळू शकतील. कायद्याने जाहिरात थांबते. सासूबाईंच्या तोंडचे ते एक वाक्य मात्र कायद्याने थांबत नाही, आणि डब्याची त्याहून मोठी जाहिरात दुसरी नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. काही मातांना खरोखरच दूध येत नाही किंवा पाजता येत नाही. काही औषधे, काही दुर्मिळ जन्मजात विकार, अपुऱ्या दिवसांची बाळे अशी कारणे असतात. ताप आला, क्षयाचा उपचार चालू आहे, एवढ्यावरून मात्र अंगावरचे तोडू नये, डॉक्टरांना विचारावे. ज्या बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. एका आईचे उरलेले दूध दुसरीच्या बाळाला, असा हा धर्म. आणि वरचे दूध द्यावेच लागले तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, योग्य मापाने, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने द्यावे. अशा आईला कोणी टोचून बोलू नये. दूध हे आईच्या मायेचे मोजमाप नव्हे.

सांगावयाचे तात्पर्य एवढेच, की दूध आईच्या अंगात तयार होत असले तरी ते पुरविण्याचे काम साऱ्या घराचे आहे. घरातील कर्त्या पुरुषाने रात्री बाळाचे ओले कपडे बदलले, सासूबाईंनी पेजेची वाटी पुढे केली, नणंदेने मोठ्या मुलाला सांभाळले, मालकाने तास-अर्ध्या तासाची सूट दिली, तर दूध पुरते. पुढच्या वेळी ‘दूध पुरत नाही’ हे शब्द ओठांवर आले, की त्याआधी दोन गोष्टी कराव्या. बाळाला अंगणवाडीत नेऊन त्याचे वजन करावे. आणि त्याच्या आईला विचारावे, ‘बाई, तू जेवलीस का?’